वायफाय, कंप्युटर आणि आपलं गोव्यातलं घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोली, सत्तरी, पेडणे या भागांत लोकांच्या घरी नेट जोडून देण्याचं आणि बिघडलेलं नीट करण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यावर मिळणारे सल्ले मात्र शहरातल्या फ्लॅटसाठी लिहिलेले असतात. आपल्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, पाऊस वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर, मे महिन्यात गडगडाट आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरात पंचवीस माणसं. तेव्हा उत्तरंही इथलीच हवीत, म्हणून हे लिहून ठेवलं.

फोनवर वायफायचे सगळे पट्टे भरलेले दिसतात, तरी काही उघडत नाही. असं कसं?

कारण ते पट्टे फोनपासून राऊटरपर्यंतची गोष्ट सांगतात, त्याच्या पलीकडची नाही. घरातलं पाणी आठवा. विहीर, टाकी आणि नळ. नळ चकचकीत असला तरी विहिरीचा पंप बंद असेल तर थेंब येणार नाही. वायफाय हा नळ आहे, राऊटर ही टाकी, आणि कंपनीकडून येणारी फायबरची तार ही विहीर. नेट बंद पडलं की यातलं नेमकं काय आटलंय ते आधी शोधायचं. माझ्या अनुभवात लोकांचे सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते इथेच. तार तुटलेली असते आणि माणूस नवा राऊटर घेऊन येतो.

शोधायची पद्धत सोपी आहे. आधी घरातला दुसरा फोन बघा. एकाच फोनवर बंद असेल तर दोष त्या फोनात आहे, त्याला ते वायफाय विसरायला लावून पुन्हा जोडा. सगळ्यांवर बंद असेल तर ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाका. तो राऊटरच्या पोटाला चिकटवलेल्या कागदावर असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१. राऊटरचं पान उघडलं, म्हणजे नळ आणि टाकी ठीक, दोष बाहेर. पान उघडलंच नाही तर दोष घरात.

तिसरा एक चमत्कारिक प्रकार असतो. व्हॉट्सॲपचे निरोप येत-जात असतात, पण एकही वेबसाईट उघडत नाही. अशा वेळी बहुधा डीएनएस अडलेला असतो. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा. पोस्टमन आहे, पण घर कुठलं ते सांगणारा वाडीवरचा माणूस गावाला गेलाय, अशी ती गत. राऊटर बंद करून मिनिटभर थांबा आणि पुन्हा चालू करा, बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं.

एक कळकळीची विनंती. राऊटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसू नका. बंद-चालू करणं वेगळं आणि ते बटण दाबणं वेगळं. त्या बटणानं आतली सगळी मांडणी (सेटिंग्ज) पुसली जाते, कंपनीनं भरलेलं नाव आणि पासवर्डसुद्धा. मग दहा मिनिटांच्या दुखण्याला दोन दिवस माणसाची वाट बघावी लागते.

फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा (LOS) लाल दिवा लागलाय.

फायबरमधून येणारा उजेड तुमच्यापर्यंत पोहोचत नाहीये. झाडाची फांदी पडून तार तुटली असेल, उंदरानं कुरतडली असेल किंवा घरातल्याच कुणीतरी कपाट सरकवताना दुमडली असेल. भिंतीपासून डब्यापर्यंतची बारीक पिवळी किंवा पांढरी तार तपासा. तिला बांगडीपेक्षा लहान वळसा नको. काच आहे ती. तिथे सगळं ठीक असेल तर तक्रार नोंदवण्यापलीकडे तुमच्या हातात काही नाही.

लाइनमन आला की एक प्रश्न जरूर विचारा, ‘पॉवर किती दाखवते?’ त्याच्या मीटरवर वजा १५ ते वजा २५ च्या दरम्यान आकडा दिसला तर चिंता नको. वजा २७ किंवा त्याहून खाली असेल तर आज नेट चालू होईल आणि पहिल्या पावसात पुन्हा जाईल. जोड नीट करून घेतल्याशिवाय त्याला सोडू नका.

आमचं घर जुनं, चिऱ्याचं. ओसरीवर वायफाय जोरात, पण माजघराच्या मागे काहीच नाही. किती ताकदीचा राऊटर घेऊ?

ताकदीचा राऊटर हे याचं उत्तर नव्हे. हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जुन्या घरांत चिऱ्याची भिंत दीड-दोन फूट जाडीची असते. चिरा सच्छिद्र, पाणी धरणारा. पावसाळ्यात भिंती ओल धरतात आणि पाणी रेडिओलहरी शोषून घेतं. म्हणूनच काही घरांत मे महिन्यात चालणारं वायफाय जुलैमध्ये रुसतं. घरमालकाला वाटतं यंत्र बिघडलं, खरं तर भिंत भिजलेली असते. अशा दोन भिंती ओलांडून लहर गेली तरी तिच्यात फारसा जीव उरत नाही. आणि समजा राऊटर दुप्पट जोरात ओरडला, तरी तुमच्या फोनाचा आवाज तेवढाच आहे. बोलणं दोन्हीकडून व्हावं लागतं. राऊटरचं फोनाला ऐकू येतं, फोनाचं राऊटरला येत नाही, आणि पट्टे दिसूनही काम होत नाही.

पहिला उपाय फुकटचा आहे, तो म्हणजे जागा बदलणं. तार ओसरीतून घरात शिरते म्हणून राऊटर ओसरीच्या कोपऱ्यात, बहुधा टीव्हीच्या मागे ठेवलेला असतो. तिथून निम्मी लहर अंगणातल्या तुळशीला जाते. राऊटर घराच्या मध्यावर आणा, माणसाच्या डोक्याच्या वर ठेवा, लाकडी फळीवर चालेल, लोखंडी कपाटात नको. तुमच्या घराला राजांगण, म्हणजे मधला उघडा चौक, असेल तर नशीबवान आहात. राजांगणाच्या कडेच्या खांबाजवळ, पावसाचे शिंतोडे पोहोचणार नाहीत अशा ठिकाणी राऊटर लावला की लहर उघड्या चौकातून चारी बाजूंच्या खोल्यांत दारांमधून शिरते. भिंतीतून जाण्यापेक्षा दारातून जाणं तिलाही सोपं. अँटेना उभी ठेवा, कारण लहर तिच्या टोकातून निघत नाही, तिच्याभोवती मेदूवड्याच्या कड्यासारखी पसरते.

एवढं करूनही मागच्या खोलीत नेट पोहोचलं नाही, तर तार ओढा. कौलांखालच्या वाशांना धरून लॅनची तार मागच्या खोलीपर्यंत न्यायची आणि तिथे दुसरा लहान राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे तारेनं आलेलं नेट वायफायनं पसरवायला, लावायचा. तांब्याची ही तार एका दमात शंभर मीटरपर्यंत चालते. कुठलंही घर त्यात मावतं. तार दिसायला बरी दिसत नाही, हे मान्य. पण ती एकदा टाकली की वर्षानुवर्षं विचारावं लागत नाही.

रिपीटर की मेश?

रिपीटर ऐकलेलं परत बोलतो. त्याला ऐकायला आणि बोलायला एकच तोंड-कान असेल तर वेग साधारण निम्मा होतो. आणि लोक तो लावतात कुठे, तर जिथे रेंज नाही तिथे! त्याला स्वतःलाच काही ऐकू येत नसेल तर तो पुढे काय सांगणार? अर्ध्या वाटेवर लावा, जिथे अजून चांगली रेंज आहे. मेश म्हणजे एकाच नावाखाली मिळून वायफाय पसरवणारे डबे. ते जास्त शहाणे असतात, पण चिऱ्याच्या घरात तेही आपापसात तारेनं जोडलेले असले तरच पैसे वसूल होतात.

राऊटर दोन नावं दाखवतो, एकाला पुढे ‘५जी’. ते मोबाइलचं ५जी का? कुठलं घेऊ?

मोबाइलच्या ५जीशी त्याचा संबंध नाही. तिथे मोबाइलची पाचवी पिढी, इथे ५ गिगाहर्ट्झ ही लहरीची जात. जुनी २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटीमीटर लांबीची. ती भिंतीतून बरी जाते, पण तिच्या वाटेवर गर्दी फार, कारण ब्लूटूथ, शेजाऱ्यांचे राऊटर आणि मायक्रोवेव्ह ओव्हन सगळे त्याच वाटेवर. तिच्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल, म्हणजे वाटेच्या आतल्या उपवाटा, तीनच धरायचे, १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झची वाट रुंद आणि मोकळी, पण भिंत आली की थकणारी. भारतात २०१८ साली या पट्ट्याचा मोठा भाग विनापरवाना वापरासाठी खुला झाला.

राऊटर आहे त्या खोलीत आणि शेजारच्या खोलीत ५, त्याच्या पलीकडे २.४. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

वायफायचा फुल फॉर्म काय?

काही नाही. १९९९ साली बाजारासाठी ठेवलेलं ते नाव आहे. ‘वायरलेस फिडेलिटी’ नंतर चिकटलं.

चवथीला सगळे मुंबईहून येतात आणि नेट मरतं. कंपनीला सांगून प्लॅन वाढवू का?

दीड-दोन दिवसांसाठी प्लॅन वाढवायची गरज बहुधा नसते. विहिरीत पाणी असतं, नळावर झुंबड असते. तिथे काय चालतं ते समजून घ्या.

एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. बाकीच्यांनी ऐकायचं, शांतता झाली की आपला नंबर लावायचा. आता गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसलेला भाचा राऊटरच्या समोर आहे, त्याचा फोन सेकंदाला ३०० मेगाबिटनं बोलतो आणि क्षणात आपलं काम उरकून बाजूला होतो. मागच्या अंगणात आंब्याखाली बसलेल्या काकांच्या फोनाला रेंज जेमतेम, तो बोलतो ६ मेगाबिटनं. तेवढाच मजकूर सांगायला त्याला पन्नासपट वेळ लागतो आणि तेवढा वेळ बाकी सगळे ताटकळत राहतात. म्हणजे नेट हळू होतं ते माणसं वाढल्यामुळेच असं नाही. लांब बसलेली माणसं वाढली की सगळ्यांचंच हळू होतं. काकांना सरळ सांगा, मोबाइल डेटावर या, नाहीतर ओसरीवर या.

दुसरा चोर म्हणजे आपोआप वर चढणारे फोटो. आरती झाली की वीस फोनांतून वीस व्हिडिओ निघतात, आणि वायफाय दिसलं रे दिसलं की प्रत्येक फोन ते क्लाउडवर चढवायला लागतो. जाणारी वाट तुंबली की येणारीही अडते, कारण प्रत्येक पानासाठी आधी मागणी पाठवावी लागते आणि तीच रांगेत अडकते. पाहुण्यांना आल्या आल्या सांगा, फोटोंचं बॅकअप दोन दिवस थांबवा, घरी गेल्यावर चालू करा. मी हे माझ्या घरी दारावर कागद लावून सांगतो, आणि लोक ऐकतात.

तिसरी गोष्ट, कंपनीनं दिलेल्या काही डब्यांत एका पट्ट्यावर ठराविक फोनच जोडता येतात, कुठे ३२ अशी मर्यादा असते. पंचवीस माणसांचे फोन, त्यात दोन टीव्ही, कॅमेरा, लॅपटॉप. तेहेतिसावा जोडलाच जात नाही आणि त्याला वाटतं पासवर्ड चुकला. अशा वेळी पाहुण्यांना दुसऱ्या पट्ट्यावर पाठवा, २.४ भरला तर ५ वर.

प्लॅन १०० चा घेतला, पण फाइल उतरवताना १२ च दाखवतं. फसवणूक?

नाही. कंपनी मेगाबिट मोजते, कंप्युटर मेगाबाइट दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट. १०० ला ८ नं भागा, साडेबारा येतात.

पण प्लॅन ३०० चा आहे आणि तारेवरसुद्धा ९४ च्या वर जात नाही.

९४-९५ हा आकडा दिसला की मी आधी तार बघतो. लॅनच्या तारेत आठ धागे असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, त्यावरच्या वेगाला चारही लागतात. एक धागा जरी तुटला किंवा टोकाला गंजला, तरी यंत्रं भांडत बसत नाहीत, गुपचूप १०० वर उतरतात, आणि त्यातले नेटच्या आतल्या कारभाराला लागणारे वजा जाऊन उरतात ९४. समुद्राकाठच्या गावांत खारा वारा ही टोकं फार लवकर खातो. टोक कापून नवीन लावा. तरी फरक पडला नाही तर राऊटरचा पोर्टच १०० चा असेल, स्वस्त राऊटरांत असतो.

गडगडाट सुरू झाला की राऊटर काढून ठेवावा का?

हो, आणि सुरू होण्याआधी. एप्रिल-मेच्या वळवात आणि पाऊस परतताना ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी आभाळ भरून आलं की प्लग उपसा. वीज कडाडत असताना तारांना हात लावत बसू नका.

यात मी स्वतः पोळलोय. घरापासून मागच्या मांगरापर्यंत (शेतीच्या सामानाच्या खोपीपर्यंत) मी लॅनची तार नेली होती, साधारण चाळीस मीटर, उघड्यावरून. दोन्हीकडचे प्लग काढलेले होते, पण ती तार दोन्ही यंत्रांत तशीच राहिली. एका मे महिन्याच्या संध्याकाळी समोरच्या माडावर वीज पडली. दोन्ही राऊटर, लॅपटॉपचा लॅन पोर्ट आणि एक टीव्ही, सगळं एका क्षणात गेलं. वीज थेट घरावर पडली नव्हती. एवढ्या लांब तांब्यात जवळच्या विजेनं दाब उत्पन्न होतो, आणि दोन इमारतींच्या अर्थिंगचा दाब सारखा नसतो, त्यामुळे तो तारेतून वाट काढतो.

तेव्हापासून दोन इमारतींमध्ये मी तांबं टाकत नाही आणि कुणाला टाकू देत नाही. तिथे फायबर टाका. आयती टोकं लावलेली फायबरची तार मिळते, दोन्ही बाजूंना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरमधलं नेट लॅनच्या तारेत आणणाऱ्या डब्या, लावायच्या. काच वीज वाहत नाही. फक्त एक बघा, खांबावरून येणाऱ्या फायबरला आधाराला स्टीलची तार जोडलेली असते. ती भिंतीच्या बाहेरच हुकाला बांधून तोडायची, घरात आणायची नाही. घाईतला माणूस ती तशीच खिडकीतून आत घेतो.

स्पाइक गार्ड विजेच्या दाबाच्या लहानसहान उसळ्या अडवतो, आणि तोही घराचं अर्थिंग धड असेल तरच. उन्हाळ्यात आपली चिऱ्याची जमीन कोरडीठाक होते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. मीठ-कोळसा घातलेल्या खड्ड्यात मार्च ते मे अधूनमधून पाणी घाला. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण होतं, असं कुणी सांगितलं की मी आधी अर्थिंग तपासायला सांगतो.

लाइट गेली तरी नेट चालू ठेवता येईल?

येईल, आणि मोठा इन्व्हर्टरही नको. राऊटर फार तर दहा वॅट खातो. बारा व्होल्टचा पुस्तकाएवढा छोटा यूपीएस मिळतो, त्यावर दोन-तीन तास निघतात. घेताना राऊटरच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट वाचा. बारावाल्याला नऊ किंवा नऊवाल्याला बारा जोडू नका. फायबरचा डबा आणि राऊटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही वीज हवी.

घरात वीज असूनही नेट गेलं तर? फायबरच्या वाटेवर बऱ्याच ठिकाणी नुसते काचेचे फाटे असतात, त्यांना वीज लागत नाही. पण काही केबलवाल्यांचे विजेवर चालणारे डबे वाटेत खांबावर असतात. वीज खात्याचा शटडाऊन वाडीवर असला की ते डबे झोपतात. नवीन कनेक्शन घेताना हे विचारून घ्या.

आमच्याकडे मोबाइलची रेंजच नाही. फोन करायला डोंगरावर जावं लागतं.

सत्तरीत अशी बरीच घरं मी पाहिलीत. फायबर आलंय, पण मोबाइलचा टॉवर डोंगराआड. तुमच्या फोनात वायफाय कॉलिंग नावाची सोय आहे का बघा, सिमच्या मांडणीत असते. भारतात ती २०१९ च्या अखेरीपासून मिळू लागली. ती चालू केली की फोन टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून लागतो. समोरच्याला तुमचा नेहमीचाच नंबर दिसतो, वेगळं ॲप लागत नाही. बऱ्याच फोनांवर ओटीपीचे एसएमएसही येतात, म्हणजे बँकेच्या कामासाठी टेकडी चढायची वेळ टळते. ही सोय फोन आणि मोबाइल कंपनी दोघांकडेही असावी लागते. घरात म्हातारी माणसं एकटी असतील तर हे काम आजच करा, आणि त्याबरोबर वरचा तो छोटा यूपीएसही.

वायफायनं आजार होतात का? रात्री बंद करावा?

वायफायची लहर शरीरातल्या रेणूंची मोडतोड करणाऱ्या क्ष-किरणांच्या जातीची नाही. घरचा राऊटर साधारण दशांश वॅटनं बोलतो, आणि अंतर दुप्पट झालं की ताकद चौथाईवर येते. कानाला लावलेला मोबाइल त्याहून जवळ आणि बोलताना त्याहून जोरात असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘शक्यता’ या गटात ठेवलं, हे खरं. त्याच गटात कोरफडीच्या पूर्ण पानाचा अर्कही आहे. रात्री बंद केलात तर मुलं लवकर झोपतील, तेवढ्यासाठी मी जरूर सांगेन.

शेजारी आमचं नेट वापरतात असा संशय आहे.

राऊटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते. ती बघा आणि ओळखीची वगळा. पासवर्ड मोबाइल नंबर असेल किंवा घराचं नाव आणि पुढे १२३ असेल तर तो बदला. चार असंबद्ध मराठी शब्द रोमन अक्षरांत जोडून लिहा, लक्षात राहतात आणि सापडत नाहीत. मांडणीत वायफायचं कुलूप म्हणून डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिननं जोडायची सोय, बंद करा, त्याच्या आठ आकडी पिनमधली फट २०११ पासून जगजाहीर आहे. खोल्या पर्यटकांना भाड्यानं देत असाल तर त्यांच्यासाठी गेस्ट नेटवर्क वेगळंच ठेवा, म्हणजे तुमचा कॅमेरा आणि प्रिंटर त्यांना दिसणार नाही.

पावसाळ्यात लॅपटॉप कपाटात ठेवला होता, आता चालू होत नाही.

कपाटात ठेवला हेच चुकलं. गोव्याच्या जून-जुलैत बंद कपाट म्हणजे बुरशीचं माहेर. रोज तासभर चालवलेला लॅपटॉप आपल्याच उबेनं कोरडा राहतो. ठेवायचाच असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. ओलसर वाटला तर लगेच चालू करू नका, दोन दिवस पंख्याखाली राहू द्या. आणि बंद पडलेला राऊटर टाकून देण्याआधी उघडून बघा. उबेला मुंग्या आत वारूळ करतात, कधी पाल शिरते. असे राऊटर मी ब्रशनं झाडून पुन्हा चालू केलेत.

सात-आठ वर्षांचा कंप्युटर फार हळू झालाय. नवीन घेऊ?

आधी आत फिरणारी हार्ड डिस्क आहे का बघा. मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीला हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी साडेपाच मिलिसेकंद लागतात, आणि डोकं सरकण्याचा वेळ वेगळा. विंडोज चालू होताना असे हजारो शोध होतात. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नाही. डिस्कच्या जागी एसएसडी आणि मेमरी आठ जीबी, एवढं केलं की बहुतेक घरांना नवीन कंप्युटर लागत नाही. मी हे मनापासून सांगतो, कारण दुकानात तुम्हाला कुणी सांगणार नाही.

एक अडचण खरी आहे. विंडोज १० चा कंपनीचा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि २०१७ च्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्याच्या यादीत बसत नाहीत. अशा यंत्रावर लिनक्स छान चालतं. पत्र लिहिणं, व्हिडिओ बघणं, जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढणं, सगळं ब्राउझरमधून होतं.

देवस्थानाच्या जुन्या फाइल उघडल्या, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. मजकूर गेला का?

गेला नाही! या प्रश्नानं माझा जीव दर वेळी हलतो, कारण कितीतरी संस्थांची इतिवृत्तं, नाटकांच्या संहिता, उत्सवांचे हिशेब असे अडकून पडलेत आणि लोक ते ‘खराब झाले’ म्हणून पुसून टाकतात.

पूर्वी शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव असे फाँट वापरले जायचे. त्यांत फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरंच साठवली जात, फाँट त्यांच्यावर देवनागरीचं चित्र चढवायचा. तो फाँट नसला की मुखवटा गळून पडतो आणि खालची अक्षरं दिसतात. कुठला फाँट होता ते ओळखा, तो बसवा, फाइल वाचता येईल. मग परिवर्तकातून (एका पद्धतीचा मजकूर दुसरीत बदलणाऱ्या प्रोग्राममधून) ती युनिकोडमध्ये आणा. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे फाँट बदलला तरी मजकूर टिकतो. परिवर्तनानंतर एकदा डोळ्यांखालून घालाच. जोडाक्षरं, रफार आणि वेलांटी इथे चुका राहतात, आणि ‘वाऱ्यावर’चं ‘वार्‍यावर’ की ‘वार्यावर’ झालं ते माणसालाच कळतं. ‘ऱ्य’ टंकताना नुक्त्याचा ऱ घ्या, मग हलन्त, मग य.

अजून एक बारकावा. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र ठेवून ते बनवत. दिसायला दोन्ही सारखी, पण कंप्युटरला वेगळी, म्हणून शोध घेताना ‘ॲड्व्होकेट’ सापडत नाही. दोन्ही तऱ्हांनी शोधा.

नवीन टंकन इनस्क्रिप्ट या कळफलक-रचनेत शिका. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. मुलं पंधरा दिवसांत शिकतात, आणि तीच कळफलक-रचना कोकणीलाही चालते. विंडोजमध्ये मराठी जोडल्यावर विंडोजची कळ आणि स्पेस दाबली की भाषा बदलते.

‘तुमच्या कंप्युटरला व्हायरस लागलाय’ असा फोन आला, त्यानं एक ॲप टाकायला लावलं.

ताबडतोब वायफाय बंद करा, कंप्युटरही बंद करा. ते ॲप तुमचा पडदा त्याला दाखवतं, ओटीपीसकट. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. पैसे गेले असतील तर पहिला तास मोलाचा असतो, ते पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवता येतात. घरच्यांना सांगायला लाजू नका. शिकलेसवरलेले लोक यात फसलेले मी पाहिलेत. कुठलीही कंपनी घरी फोन करून व्हायरसची खबर देत नाही.

घरचे फोटो पेन ड्राइव्हवर ठेवलेत. चालेल ना?

पेन ड्राइव्ह नेण्या-आणण्यासाठी आहे, साठवणीसाठी नाही. वर्षानुवर्षं वीज न मिळालेल्या चिपमधला भार हळूहळू ओसरतो, आणि आपल्या हवेत टोकही गंजतं. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. कंप्युटरवर एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक, आणि एक क्लाउडवर. क्लाउड नको असेल तर दुसरी डिस्क मडगावच्या बहिणीकडे ठेवा आणि दर चवथीला ती आली की बदलून द्या. डिस्कवर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवा, आणि देण्याआधी चार फोटो उघडून बघा.